विस्कटलेले तंतू आणि एक स्वस्त कॅमेरा : घरगुती फायबर सेन्सरचा इतिहास

2009 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल आठवतंय का? अर्धं पारितोषिक चार्ल्स काओ यांना मिळालं, काचेच्या तंतूतून प्रकाश दूरवर नेण्याच्या कामासाठी. उरलेलं अर्धं विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना मिळून, सीसीडी म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या चिपसाठी. म्हणजे एकाच वर्षी, एकाच विषयात, एका बाजूला ऑप्टिकल फायबर आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरा. आज आपण ज्या सेन्सरबद्दल बोलणार आहोत त्याच्या सामानाच्या यादीतल्या मुख्य वस्तू याच दोन. प्लास्टिकच्या फायबरचे काही तुकडे, एक वेबकॅम किंवा जुना मोबाइल, आणि एखादा एलईडी. बस.

तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या तयारीत आहात. सगळ्यांना सतावणारा एक प्रश्न मला माहीत आहे: "आमच्या विभागात महागडं उपकरण नाही, मग आम्ही सेन्सरवर संशोधन करायचं कसं?" या प्रश्नाचं खरं उत्तर मला यूट्यूबवरच्या व्हिडिओंपेक्षा या विषयाच्या इतिहासात सापडलं. म्हणून आज जोडणी कमी आणि इतिहास जास्त. हा इतिहास दोन 'दोषां'चा आहे. एक, तंतूंचा क्रम बिघडणं. दुसरा, तंतूतून प्रकाश गळणं. तीन पिढ्यांनी हे दोष घालवण्यासाठी जिवाचं रान केलं. आणि आपला स्वस्त सेन्सर चालतो तो नेमका याच दोन दोषांवर.

कंगव्याने विंचरलेली काच

आपल्या पाठ्यपुस्तकात फायबरची गोष्ट सहसा जॉन टिंडल यांच्यापासून सुरू होते. 1854 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला. पण जिनिव्हामध्ये डॅनियल कोलाडोन यांनी हाच प्रयोग 1841 च्या सुमारास करून दाखवला होता आणि 1842 मध्ये त्यावर लिहिलंही होतं. तत्त्व तुम्हाला बारावीपासून ठाऊक आहे: पूर्ण आंतरिक परावर्तन. जास्त अपवर्तनांकाच्या माध्यमातून प्रकाश कमी अपवर्तनांकाच्या माध्यमाकडे क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनाने आला, की तो बाहेर पडतच नाही, आतच परत फिरतो.

आपल्या कामाची गोष्ट मात्र 1930 मध्ये, म्युनिकमध्ये सुरू होते. हाइनरिश लाम नावाचा वैद्यकशास्त्राचा एक विद्यार्थी होता. लक्षात घ्या, विद्यार्थी. शरीराच्या आतला भाग बघता यावा म्हणून त्याने काचेच्या बारीक तंतूंची जुडी बांधली आणि बल्बमधल्या पेटलेल्या तारेची प्रतिमा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेऊन दाखवली. प्रतिमा फारशी चांगली नव्हती. त्याने पेटंटचा प्रयत्न केला तेव्हा कळलं, की क्लॅरेन्स हॅन्सेल यांचं याच कल्पनेचं पेटंट आधीच झालेलं आहे. लाम ज्यू होता. पुढे तो जर्मनी सोडून अमेरिकेत गेला, टेक्सासमध्ये शल्यचिकित्सक झाला, आणि हा विषय त्याच्याकडून सुटला.

प्रतिमा न्यायची तर काय लागतं, हे नीट बघा. समजा, जुडीच्या या टोकाला एक तंतू वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. त्या टोकालाही तो वरच्या डाव्या कोपऱ्यातच हवा. हजारो तंतूंपैकी प्रत्येकाची जागा दोन्हीकडे तीच हवी. लामने यासाठी तंतू अक्षरशः विंचरले होते. जागा अदलाबदल झाली, की चित्राचा भुगा. यालाच सुसंगत जुडी म्हणतात, आणि ती बनवणं आजही महाग पडतं. एंडोस्कोपच्या किमतीत या शिस्तीचा मोठा वाटा असायचा.

गळती थांबवण्याची धडपड

दुसरी अडचण गळतीची. 2 जानेवारी 1954 च्या 'नेचर'च्या अंकात दोन लेख आले. एक हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांचा. कपानी पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले, डेहराडूनमध्ये वाढलेले, लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात हॉपकिन्स यांच्याकडे पीएचडी करणारे. त्यांनी दहा हजारांहून अधिक तंतूंची, सुमारे 75 सेंटिमीटर लांबीची जुडी वापरून प्रतिमा नेली. (2009 च्या नोबेलमध्ये कपानींचं नाव का नाही, ही चर्चा आपल्याकडे अजून चालते. मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना 2021 मध्ये मिळालं.) दुसरा लेख नेदरलँड्सचे अब्राहम फान हील यांचा. तो आकाराने छोटा होता, पण कळीचा मुद्दा त्यात होता: प्रत्येक तंतूला कमी अपवर्तनांकाचं वेष्टन द्या.

हे वेष्टन, म्हणजे क्लॅडिंग, इतकं महत्त्वाचं का? तंतू नुसता उघडा असेल तर त्याच्याभोवती हवा असते, आणि हवेचा अपवर्तनांक कमी असल्याने प्रकाश आत राहतो. पण उघडे तंतू एकमेकांना चिकटले, त्यांवर बोटाचं तेल लागलं, धूळ बसली, ओरखडा पडला, की त्या जागी प्रकाश बाहेर पडतो. परावर्तन होताना प्रकाशाचा थोडा अंश पृष्ठभागाच्या बाहेर, साधारण तरंगलांबीच्या अंतरापर्यंत डोकावत असतो. तिथे दुसरं काही आलं की ऊर्जा निसटते.

यावरचा पक्का उपाय डिसेंबर 1956 मध्ये मिशिगन विद्यापीठात निघाला. करणारा होता लॉरेन्स कर्टिस, आणि तो तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. जास्त अपवर्तनांकाची काचेची कांडी कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत घालायची, दोन्ही एकत्र वितळवायच्या आणि ओढून तंतू काढायचा. ऐकायला किती सोपं! बेसिल हिर्शोविट्झ यांनी फेब्रुवारी 1957 मध्ये या तंतूंचा गॅस्ट्रोस्कोप आधी स्वतःच्या घशात उतरवून बघितला, मग रुग्णावर वापरला.

लाम विद्यार्थी, कपानी पीएचडीचे विद्यार्थी, कर्टिस पदवीचा विद्यार्थी. ही यादी मी मुद्दाम देतोय. "ते फॉरेनला होतं" असं म्हणू नका; कांडी आणि नळी वितळवायला त्या काळीही फार मोठं यंत्र लागत नव्हतं.

किलोमीटरचा प्रश्न आणि मीटरचा प्रश्न

1966 मध्ये काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी गणित मांडलं, की काचेतली अशुद्धता घालवली आणि प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरला 20 डेसिबलपर्यंत आणला तर तंतूवरून दूरसंचार शक्य आहे. तेव्हाच्या चांगल्या काचेतही हा ऱ्हास किलोमीटरला सुमारे 1000 डेसिबल होता. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी 20 चा टप्पा ओलांडला. तिथून पुढचा इंटरनेटचा इतिहास तुम्हाला माहीत आहेच.

दूरसंचारासाठी शुद्ध फायबर आणि लेसर मिळू लागले, तसे सेन्सरवालेही त्यावर तुटून पडले. 1976 मध्ये युटा विद्यापीठाच्या वाली आणि शॉर्टहिल यांनी फायबर जायरोस्कोप दाखवला. 1978 मध्ये कॅनडात केन हिल आणि सहकाऱ्यांना फायबरच्या आतच जाळी कोरता येते हे सापडलं. पुढे 1989 मध्ये मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी ती बाजूने कोरण्याची पद्धत दिली, आणि पूल, विमानं यांत बसवायचे ब्रॅग ग्रेटिंग सेन्सर आले. हे सेन्सर अप्रतिम आहेत, यात वादच नाही. पण ते तरंगलांबीतला अगदी सूक्ष्म बदल मोजतात, आणि तो वाचणारं उपकरण फायबरपेक्षा कितीतरी पट महाग असतं. आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात 'फायबर सेन्सर म्हणजे लाखोंचा खर्च' हे जे बसलंय, ते इथून आलंय.

आता एक छोटा हिशेब करा. साध्या पीएमएमए प्लास्टिकच्या फायबरमध्ये लाल प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरला साधारण 150 डेसिबल असतो. दूरसंचारवाला हे ऐकून हसेल. पण तुमचा फायबर एक मीटर लांब आहे. म्हणजे ऱ्हास 0.15 डेसिबल. टक्क्यांत सांगायचं तर 96 ते 97 टक्के प्रकाश पलीकडे पोचतो! काओंनी सोडवलेला प्रश्न किलोमीटरचा होता. तुमचा प्रश्न मीटरचा आहे. दुसऱ्याच्या प्रश्नासाठी बनलेलं महाग उत्तर आपल्याला लागतंच असं नाही, हे कागदावर पाच मिनिटांत कळतं. म्हणून आधी हिशेब करावा, मग कोटेशन मागवावं.

क्रम बिघडला तरी चालतो, हे कधी कळलं?

आता येऊया मुख्य वळणावर. 1960 च्या दशकात अमेरिकेत 'फोटॉनिक सेन्सर' नावाचं एक उपकरण निघालं. किसिंजर आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये त्यावर लिहिलं. रचना अगदी साधी. एका जुडीतले निम्मे तंतू प्रकाश बाहेर सोडतात, निम्मे परत आलेला प्रकाश गोळा करतात. समोरचा पृष्ठभाग जवळ-दूर झाला की परत येणारा प्रकाश बदलतो, आणि त्यावरून अंतर कळतं. इथे प्रतिमा नाहीच, त्यामुळे कंगव्याची गरज नाही. उलट सोडणारे आणि घेणारे तंतू एकमेकांत चांगले मिसळलेले असले तर जवळच्या अंतराला संवेदनशीलता वाढते. लामला जी विस्कळीत जुडी नको होती, ती इथे हवीशी झाली.

पुढचा धडा खगोलशास्त्रज्ञांनी दिला. 1980 च्या सुमारास ॲरिझोनातल्या स्टुअर्ड वेधशाळेत 'मेड्युसा' वर्णपटमापक तयार झाला. दुर्बिणीच्या नाभिप्रतलात भोकं पाडलेली पट्टी बसवायची, प्रत्येक आकाशगंगेच्या जागी एक फायबर, आणि सगळ्यांची दुसरी टोकं एका रांगेत. पुढे 2000 मध्ये सुरू झालेल्या स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेने हीच कल्पना 640 फायबरपर्यंत नेली. ॲल्युमिनिअमच्या पट्टीतल्या भोकांत हे फायबर माणसं हाताने खोचत. कोणता फायबर कोणत्या भोकात जातोय याची काळजी खोचताना करायची नाही, हे तिथलं शहाणपण. खोचून झालं की उलट बाजूने एकेका फायबरमध्ये प्रकाश सोडायचा, पट्टीकडे कॅमेऱ्याने बघायचं, कुठलं भोक उजळलं ते नोंदवायचं. तक्ता तयार!

इथे थोडं थांबा, कारण सगळ्या लेखाचं सार या एका युक्तीत आहे. लामच्या काळी क्रम काचेत सांभाळावा लागत होता, कारण पलीकडे बघणारा डोळा माणसाचा होता. पलीकडे कॅमेरा आणि संगणक आला, की क्रम तक्त्यात ठेवता येतो. तंतू कसेही विस्कटलेले असोत, एकदा नोंद केली की संगणक ते 'विंचरून' देतो. सगळ्यात महाग श्रम होते ते सॉफ्टवेअरच्या काही ओळींत मावले.

2005 मध्ये जेफ हान यांनी ॲक्रिलिकच्या तावातून गळणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्याने टिपून स्वस्त मल्टिटच पडदा दाखवला. बोट टेकलं की पूर्ण आंतरिक परावर्तन तिथे बिघडतं आणि ती जागा चमकते. म्हणजे बोटाच्या तेलाने होणारी तीच जुनी गळती, आता तोच संकेत! अडचण एवढीच, की कॅमेरा पडद्यामागे लांब ठेवावा लागे. 2009 मध्ये न्यूकॅसलच्या जॅक्सन, बार्टिंडेल आणि ऑलिव्हिए यांनी 'फायबरबोर्ड' मांडला: पडद्यामागे फायबरची रांगोळी, आणि त्यांची टोकं वळवून कॅमेऱ्यापुढे. पडद्याची जाडी सुमारे दहा पटीने कमी झाली, आणि फायबरच्या जागा ओळखण्याची कॅलिब्रेशनची पद्धत हा त्यांच्या कामाचा एक मुख्य भाग होता. 2010 मध्ये राफाएल विमर यांनी 'फ्लायआय' दाखवला: वस्तूच्या पृष्ठभागावर फायबरची टोकं, दुसरी टोकं एका कॅमेऱ्यासमोर, आणि हाताने वस्तू कशी धरली आहे ते त्यावरून ओळखायचं. हे काम कुठलं? म्युनिकचं. लामने तंतू विंचरले त्याच गावात, ऐंशी वर्षांनी, कंगव्याशिवाय.

आपल्याकडेही गळतीचा उपयोग झालाय. आयआयटी मुंबईत साई, कुंडू आणि मुखर्जी यांनी 2009 मध्ये इंग्रजी 'यू'च्या आकारात वाकवलेल्या फायबरचा जैवसेन्सर मांडला. फायबर वाकवला की बाहेर डोकावणाऱ्या प्रकाशाचा बाहेरच्या पदार्थाशी संबंध वाढतो. त्यावर सोन्याचे नॅनोकण बसवले, की कणांवर येऊन चिकटणाऱ्या रेणूंमुळे प्रकाशाचं शोषण बदलतं आणि ते मोजता येतं. 2015 मध्ये हॅनोव्हरच्या ब्रेमर आणि रोथ यांनी मोबाइलचाच एलईडी आणि मोबाइलचाच कॅमेरा वापरून फायबरवर प्लाझ्मॉन अनुनादाचा सेन्सर बांधला. नोबेलच्या त्या दोन्ही अर्ध्या भागांची गाठ अशी खिशातल्या फोनवर पडली.

मग कॅमेरा नेमकं काय देतो?

स्वस्त म्हणजे कमी दर्जाचा, असं धरून चालू नका. 640 बाय 480 चा जुना वेबकॅम घ्या. एकूण पिक्सेल 3,07,200. एका फायबरच्या टोकाला 20 बाय 20, म्हणजे 400 पिक्सेल दिले, तर हिशेबापुरते 768 फायबर एकाच वेळी वाचता येतात. प्रत्यक्षात मध्ये जागा सुटते, लेन्स कडेला अंधारते, तरी शंभर-दोनशे कुठे गेले नाहीत. हेच तुम्ही एकेका फोटोडायोडने करायला गेलात तर तेवढे डायोड, तेवढे ॲम्प्लिफायर आणि सोल्डरिंगचा डोंगर.

दुसरी गोष्ट सरासरीची. 8 बिटचा कॅमेरा फक्त 256 पायऱ्या देतो, हे खरं. पण 400 पिक्सेलची सरासरी घेतली, की एकमेकांशी संबंध नसलेला गोंगाट 20 पटीने कमी होतो, कारण 400 चं वर्गमूळ 20. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: संदर्भ-फायबर. एलईडी तापला, व्होल्टेज हललं, की प्रकाश बदलतो आणि सेन्सर खोटं बोलतो. म्हणून काही फायबर असे ठेवा की ज्यांना काहीच मोजायचं नाही. तोच एलईडी, तोच कॅमेरा, फक्त बाहेरच्या बदलाला हात नाही. सगळ्या वाचनांना त्यांच्या वाचनाने भागा. एका फ्रेममध्ये सगळे फायबर एकत्र दिसत असल्यामुळे ही सोय जवळजवळ फुकट मिळते.

पण कॅमेरा हा मुळात चांगला फोटो काढण्यासाठी बनलेला आहे, मोजमापासाठी नाही. प्रकाश कमी झाला की तो स्वतःहून एक्स्पोजर वाढवतो, म्हणजे तुम्हाला हवा असलेला बदलच पुसून टाकतो. म्हणून ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. जेपेगऐवजी शक्य असेल तर रॉ. गॅमामुळे पिक्सेलचा आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो, तेही तपासून घ्या. आणि संपृक्त, म्हणजे 255 ला टेकलेला पिक्सेल, हा डेटा नाही.

तुमच्यासाठी प्रश्न

करून बघायचं असेल तर सुरुवात छोटी ठेवा. एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिक फायबर, दहा-बारा तुकडे. टोकं धारदार ब्लेडने काटकोनात कापा, मग बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरवर घासा. कॅमेऱ्याकडची टोकं एका काळ्या पट्टीच्या भोकांत घट्ट बसवा. ती हलली तर सगळा तक्ता बाद. क्रमाची चिंता नको. एकेका टोकावर प्रकाश टाका आणि कुठला ठिपका उजळला ते लिहा. मग ठरवा काय मोजायचं: वाकणं, स्पर्श, द्रवाची पातळी, गढूळपणा.

आणि इथेच प्रकल्प आणि संशोधन यांची वाट वेगळी होते. "मी पाचशे रुपयांत सेन्सर बनवला" हे वाक्य प्रदर्शनात चालतं, व्हायव्हात नाही. तिथे विचारतील: किती लहान बदल ओळखता येतो? आज घेतलेलं वाचन उद्या तेच येतं का? तापमान वाढलं तर? वाकवून सरळ केलेला फायबर मूळ वाचनावर परत येतो का? प्रमाणित उपकरणाशी तुलना केलीत का? या प्रश्नांची उत्तरं द्यायला महाग उपकरण क्वचितच लागतं. चिकाटी लागते, वही लागते, आणि तुलनेसाठी एखाद दिवस शेजारच्या विभागाचं प्रमाणित उपकरण उसनं मागायचं धाडस लागतं.

विषय निवडताना एक सवय लावून घ्या. ज्या क्षेत्रात जायचंय त्याचा इतिहास उघडा आणि शोधा, की लोक कशाला 'दोष' म्हणत होते आणि तो घालवायला किती खर्च करत होते. मग विचारा: आज ती अट अजून खरी आहे का? लामची अट होती, की पलीकडे माणसाचा डोळा आहे. ती अट गेली तरी विस्कटलेल्या जुडीकडे सेन्सर म्हणून बघायला बराच काळ गेला. तुमच्या क्षेत्रात अशी कोणती अट केव्हाच संपली आहे, पण सगळे अजून ती पाळताहेत? ते सापडलं तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा, आणि त्याखाली पाच मिनिटांचा हिशेबही.